बाबांनी पाहिलेलं नाणं

पीएचडीसाठी ड्रेस्डेनला आल्यापासून मी फोनवर बाबांचं डोकं एकाच नाण्याने खाल्लं होतं. ते त्यांना प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इटलीच्या पार दक्षिण टोकाला ब्रेट्टी नावाचे लोक राहायचे. रोमचं समुद्रापलीकडच्या कार्थेजशी युद्ध पेटलं तेव्हा ते कार्थेजच्या बाजूने गेले आणि त्या धामधुमीत त्यांनी सोन्याची नाणी पाडली. पुढे हरले, आणि रोमने त्यांचे फार हाल केले. पण नाण्यावर लढाईचा मागमूस नाही. एका बाजूला दाढीवाला समुद्रदेव, दुसऱ्या बाजूला माशाची शेपटी असलेल्या घोड्यावर निवांत बसलेली देवी. एवढ्या धास्तीत असं सुंदर काही घडवणाऱ्यांवर माझा जीवच जडला होता.

बाबा आले, तसं मी त्यांना संग्रहालयात घेऊन गेले. काचपेटीपाशी पोचलो आणि मी चरफडले. नाणं फोटो काढायला आत नेलं होतं, मखमलीत नुसता रिकामा खळगा. मला आधी सांगायला काय झालं होतं कुणाला! मी काही बोलणार, तोच बाबा काचेवर वाकले.

"वा! काय लखलखतंय गं! आणि देवी बघ किती ऐटीत बसलीय."

मी रिकाम्या खळग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आल्यापासून ते माझा दंड धरून चालत होते आणि मला ते लाड वाटत होते.

"गेनाऊ, बाबा, अगदी बरोबर," मी कसंबसं म्हटलं.

मग त्यांना माझ्या कामाच्या खोलीत नेलं. अभ्यासासाठी आम्ही नाण्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती ठेवतो. त्या नाण्याची प्रतिकृती काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवली. अंगठा हळूहळू फिरवत त्यांनी घोड्याची मान शोधली, शेपटीचं वेटोळं शोधलं, देवीपाशी थांबले. त्यांचा चेहरा असा खुलला, की मला रडूच फुटलं.

"कळलं तर तुला," ते म्हणाले. "मघाशी तिथे नव्हतंच का ते?"

"नव्हतं."

ते हसले आणि काचबिंदूचं सांगून टाकलं. मी मात्र भडकले. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ नेली होती आणि घरातून कुणी मला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"आईला माहीत आहे?"

"तिनेच तर बजावलंय, पोरीला कळू देऊ नका. सगळं अर्धवट टाकून मिळेल त्या विमानाने येईल ती."

मी भांडायच्याच बेतात होते, पण आई मला पुरती ओळखून होती. आलेच असते.