मापासाठी उभा केलेला माणूस

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही, माझं लग्न ठरलंय त्या मुलालाही नाही. त्याने तर एकदा सरळ विचारलं होतं, तुझ्याबद्दल मला माहीत नाही असं काही आहे का? मी म्हटलं, मला मांजरांची भीती वाटते. तो हसला, विषय संपला. मला असे विषय संपवता येतात. लाजाळू माणसाला ही एक सोय असते — आपण गप्प राहिलो की लोक आपणहून काहीतरी चांगलं समजून घेतात.

मग आजच का लिहितेय? काल सामान आवरताना तो फोटो हातात आला, एवढंच.

आधी फोटोबद्दल सांगते. ते सोपं आहे.

वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, चहा सांडून वाळावा तसा तपकिरी. आमच्या महाडकडच्या गावामागे डोंगर आहे आणि त्यात कोरलेली जुनी बौद्ध लेणी. त्यांतल्या एका लेण्याची ही ओसरी. दोन खांब, एक अर्ध्यात तुटलेला, मागे काळोख. आणि शाबूत खांबाला लागून एक माणूस उभा आहे. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, हातात काळे-पांढरे पट्टे मारलेली काठी. पाय इतके स्पष्ट की टाचांच्या भेगा मोजून घ्याव्यात. चेहरा मात्र नाही. चेहऱ्याच्या जागी धुरासारखा एक फराटा आहे.

तो धाकू. माझ्या आजोबांचे आजोबा.

घरात सांगायचे ती गोष्ट अशी — कोणी गोरा साहेब लेण्यांचे फोटो काढायला आला होता. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे मोठा पेटारा, काचा, औषधांच्या बाटल्या. ते सगळं डोंगरावर वाहून न्यायला आमच्या वस्तीतली माणसं होती. खांब केवढा उंच आहे हे फोटो बघणाऱ्याला कळावं म्हणून साहेब त्यांच्यातल्याच एकाला खांबाजवळ उभा करायचा. हलायचं नाही, मान वळवायची नाही, साहेब हात खाली करीपर्यंत दगडासारखं राहायचं. धाकू तसा उभा राहिला. तेवढ्यात त्याची आई भाकर घेऊन वर चढत होती, तिने पायवाटेवरूनच हाक मारली. धाकूने मान वळवली.

साहेब म्हणे खूप चिडला. पण काम संपवून जाताना तो खराब झालेला फोटो त्याने धाकूलाच देऊन टाकला.

"हलला म्हणून घरी आला," आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. "न्हायतर गेला असता साहेबाबरोबर इलायतेला, आनि आपल्याला पत्ता न्हाय."

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला वंदना झाली की आबा पेटीतून मलमलचं फडकं काढायचे. फोटो एकेकाच्या हातात जायचा. ज्याच्या हातात येईल त्याने तो दोन्ही हातांनी धरायचा आणि नाव घ्यायचं — धाकू. बस्स. बाकी काही नाही. आमच्याकडे ना देवघर होतं ना कुळाची पोथी, हे एवढंच होतं. लहान असताना मी ते नाव इतक्या मोठ्याने घ्यायचे की शेजारच्या भाभी दारातून डोकावून विचारायच्या, क्या हुआ? पुढे पुढे आवाज लहान होत गेला. कॉलेजात गेल्यावर मी नुसते ओठ हलवायला लागले. आबांनी कधी टोकलं नाही.

आम्ही भाईंदर पूर्वेला खारीत राहायचो. मी पाच वर्षांची असताना बाबांनी परळची खोली सोडून इथे दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, आणि माझं नाव घातलं इंग्रजी शाळेत. घरात बाकी कोणाला इंग्रजी यायचं नाही. मी मोठ्याने वाचायला लागले की आबा रेडिओ बंद करायचे. काही कळायचं नाही त्यांना, तरी ऐकत बसायचे.

आणि मला त्यांची किळस यायची.

हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला, तुम्हाला सांगूनही खरं वाटणार नाही. पण आता लिहिलंय तर पूर्ण लिहिते. त्यांचं सकाळचं खाकरणं, बशीत ओतून फुरके मारत प्यायलेला चहा, पेटीला लागलेला सुकटीचा वास, आणि ते 'हाय-न्हाय'. टँकर आला की खाली जाऊन हिंदी-मराठी-गुजराती सगळं एकत्र करून भांडायचे ते. रांगेतली माणसं हसायची, आबाही हसायचे. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. माझ्या कॉलेजातली एकही मैत्रीण कधी आमच्या घरी आली नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. केतकी — माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण, गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेली — तिने पहिल्याच वर्षी स्वतःच ठरवून टाकलं होतं की आम्ही 'तुमच्या-आमच्यातलेच'. मी नाही म्हटलं नाही. खोटं बोलले का? तोंडाने नाही.

चौऱ्याण्णव साली आमच्या कॉलेजात इतिहासाच्या मॅडमनी प्रदर्शन ठरवलं, जुन्या वास्तूंचे सुरुवातीच्या काळातले फोटो. घोडबंदरचा किल्ला, वसई, लेणी, पडकी देवळं. मुलं पुस्तकांतली चित्रं झेरॉक्स करून आणत होती, कॅलेंडरं कापून आणत होती. मॅडम वैतागून म्हणाल्या, कोणाच्या घरी एक तरी खरा जुना फोटो नाही का रे? तीन वर्षांत वर्गात मी आपणहून हात वर केला तो तेवढाच. कौतुक हवं होतं मला. दुसरं काही नाही.

आबांनी फोटो लगेच दिला. तो घराबाहेर जायची ती पहिलीच वेळ. जुन्या साडीत गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी चढवली. आणि एक चिठ्ठी दिली. प्रौढांच्या रात्रशाळेत शिकलेलं त्यांचं अक्षर, प्रत्येक अक्षर वेगळं, जणू शेजारच्याशी बोलणं नाही: 'धाकू सोनू. लेण्यावर कामाला होता.'

"ह्ये खाली लाव," म्हणाले. "लोकं बघतील तर नाव बघतील."

मी हो म्हटलं.

मॅडमना फोटो बघून काय आनंद झाला. सगळ्यांना बोलावून त्यांनी दाखवलं — हा कागद अंड्यातल्या पांढऱ्याचा थर देऊन बनवायचे, म्हणून ही चमक. आणि हा माणूस बघा, हा मापासाठी. मग माझ्याकडे वळून विचारलं, कुठून मिळाला? याच्याबद्दल काही माहिती आहे?

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. पर्स खांद्याला होती. केतकी माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात माझ्या हातात. तिने फोटोकडे बघून नाक मुरडलं होतं — त्या लंगोटीकडे बघून. ते मी पाहिलं होतं. मला नेहमी असलंच दिसतं.

"चोरबाजारातून," मी म्हटलं. "आजोबांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. माणसाबद्दल काही माहीत नाही."

केतकी म्हणाली, "शी, एवढं एक काम दिलं होतं आणि हललाच!" सगळे हसले. इथेच थांबता आलं असतं मला. थांबले का? कधी नव्हे ते सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हटलं, "साडेपाच फुटी पट्टी आहे ही. फक्त वरचे सहा इंच पुसले गेलेत."

किती हसले सगळे. त्यानंतर आठवडाभर त्या फोटोचं नाव 'वैशालीची पट्टी' होतं. पट्टी इकडे लाव, पट्टी सरळ कर. मीही म्हणायचे. अक्षर चांगलं म्हणून सगळ्या फोटोंखालची माहिती लिहायचं काम माझ्याकडेच होतं. काळ्या कार्डावर पांढऱ्या शाईने, शुद्ध इंग्रजीत मी लिहिलं: लेण्याची ओसरी, मापासाठी उभा केलेला एक स्थानिक माणूस.

आबांना मी सांगितलं, बाहेरच्या लोकांना आत सोडत नाहीत. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. भाभींची मुलगी आमच्याच कॉलेजात होती. तिने सांगितलं असणार, आज तो सबके लिए खुला है.

मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका बोर्डाचा सुटलेला कोपरा टाचणीने लावत होते. दारातून आबा आत येताना दिसले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, जो फक्त पौर्णिमेला निघायचा. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. कॉलेजच्या हॉलमध्ये कोण चपला काढतं? ते अनवाणी, एकेक फोटो नीट बघत, शेवटी धाकूपाशी पोचले. दोन्ही हात पुढे नेऊन त्यांनी फोटोच्या कडा धरल्यासारखं केलं. ओठ हलले. मग ते खाली वाकून कार्ड बघू लागले.

तिथे केतकी उभी होती, माहिती सांगायला. आबांनी तिला विचारलं, नाव कुठं लिवलंय? तिने गोड आवाजात कार्ड मराठीत करून सांगितलं. "मापासाठी उभा केलेला स्थानिक माणूस, आजोबा."

"त्याला नाव हाय की," आबा म्हणाले. "धाकू."

"अय्या, तुम्ही ओळखता याला?"

आबांनी मान वर करून हॉलभर नजर फिरवली आणि मी त्यांना दिसले. चेहरा उजळला त्यांचा. त्यांना वाटलं असेल, कार्ड चुकून वेगळं लागलंय, आता ही येईल आणि चिठ्ठी काढून लावेल.

"वैशे," त्यांनी हाक मारली.

मी टाचणीकडे बघत राहिले.

"वैशे, ए बाय."

हॉल फार मोठा नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं. टाचणी केव्हाच आत गेली होती, तरी मी अंगठ्याने ती दाबत होते. पाठीवर त्यांची नजर कळत होती. मान वळवायला किती वेळ लागतो? मी वळवली नाही. तिसऱ्या हाकेची वाट बघत, श्वास धरून उभी राहिले.

तिसरी हाक आली नाही. आबांचा आवाज आला, पण तो केतकीशी बोलत होता, हळू आणि अगदी जपून, जसं बाबांच्या साहेबांशी बोलायचे तसं. "चुकलो, बाय. मला वाटलं आमची नात. दुसरीच कुनी हाय ती."

मग दाराशी चपला घातल्याचा आवाज.

केतकी माझ्याजवळ आली. "तो म्हातारा तुला हाक मारत होता का गं?"

"कोण म्हातारा?" मी म्हटलं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आबा कॉटवर बसून बशीतून चहा पीत होते. रेडिओ चालू होता. त्यांनी काही विचारलं नाही. आईलाही काही सांगितलेलं नव्हतं. ती मला म्हणाली, आबा आज भर उन्हात फिरून आलेत, ओरड जरा त्यांना. प्रदर्शन संपल्यावर मी फोटो आणून दिला. त्यांनी साडीची घडी उलगडून कोपरे तपासले, म्हणाले, नीट आणलास हो. चिठ्ठीबद्दल एक शब्द नाही. त्यानंतर मी वाचायला लागले की रेडिओ बंद व्हायचा नाही, फक्त एवढंच बदललं.

पुढच्या पौर्णिमेला फोटो फिरला. माझ्या हातात आला तेव्हा मी नाव मोठ्याने घेतलं, लहानपणी घ्यायचे तितक्या मोठ्याने. आबा फडक्याची घडी घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. त्याच वर्षी पावसाळा संपताना ते गेले.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. काल ती फोटोच्या मागे लावून बघितली, आणि पुन्हा काढली. माझ्या हाताने लागलेली ती मला बघवेना.

फोटो मात्र बराच वेळ बघत बसले. धुराच्या त्या फराट्यात, नीट बघितलं तर, मान कुठल्या बाजूला वळली ते कळतं. आईकडे. त्या दुपारी हॉलमध्ये कोणी माझा फोटो काढला असता तर तो एकदम स्वच्छ आला असता. मी जराही हलले नव्हते.