अठरा पूर्ण झाल्यावर

आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. माझ्या खर्चाचे पैसे वडिलांनी द्यावेत, असं कोर्टाने ठरवलं. ते द्यायला वडील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नेपानगरहून बुऱ्हाणपूरला यायचे. बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही मावा जलेबी खायचो. ते अभ्यासाचं विचारायचे, पाकीट द्यायचे आणि परतीची बस पकडायचे.

मला अठरा पूर्ण झाली त्या महिन्यात पाकीट देताना ते म्हणाले, "कोर्टाचा हुकूम इथपर्यंतच होता. आता तू बालिग झाला, बेटा."

"मग पुढच्या महिन्यात येणार नाही का?"

"काही काम पडलं तर फोन कर."

मी बरं म्हणालो, त्यांना बसमध्ये बसवलं आणि पायी घरी आलो.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"संपलं म्हणाले."

तिला वाटलं, मला पैशांची काळजी आहे. "आपलं भागेल रे," ती कणीक मळता मळता म्हणाली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी जेवलो आणि झोपलो.

याला सहा वर्षं झाली. मध्ये खकनारला एका लग्नात ते समोर आले. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि जेवणाच्या रांगेत उभे राहिलो.