सगळ्या सोयींचं घर

मास्तरकीत माणूस दुसरं काही जमवो न जमवो, घरमालक मात्र भरपूर जमवतो. ट्रान्सफर झाली की नवं गाव, नवी खोली, नवा मालक. जुन्या खोल्या सुटतात, मालक काही डोक्यातून सुटत नाहीत. आता या वयात चार मित्र बसले की मी एकेकाला बाहेर काढतो. लोक हसतात. मीही हसतो, पण खरं सांगू का, यातल्या निम्म्या गोष्टी हसण्याच्या नाहीत.

आपला भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पांढरकवड्याच्या शाळेत गणित शिकवायला आलो. स्टाफरूममध्ये घर शोधणारे आम्ही तिघं होतो. ड्रॉइंगचे खोडे मास्तर, हिंदीचे राठोड मास्तर आणि मी. खोड्यांना घरात संडास हवा होता. मला लाइट हवा होता, वाचायचं वेड म्हणून. राठोड म्हणायचे, "मले काहीबी चालते. फक्त माही शांती शाळेत गेली पायजे." शांती त्यांची पोरगी. मारेगावकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर शाळा चौथीपर्यंतच. पोरगी चौथी पास होऊन घरी बसली होती. गावात घर मिळालं तर बायको आणि पोरगी इकडे येणार, नाहीतर शिक्षण संपलं. तिघांत खरी गरज त्यांचीच होती आणि घर मिळायला उशीरही त्यांनाच झाला.

*

मला खोली लवकर मिळाली. मालक अभिमानानं म्हणाला, "लाइटचं पूर्ण फिटिंग झालं आहे, मास्तर!"

खरंच झालं होतं. छताला वायर, वायरीला होल्डर, होल्डरमध्ये बल्ब, भिंतीवर काळं बटन. नव्हती ती फक्त वीज! खांब कोपऱ्यापर्यंत येऊन थांबले होते. मी कंदिलावरच वाचायचो, पण शाळेतून आलो की हात आपोआप बटनाकडे जायचा. खट्! काही व्हायचं नाही. तरी रोज खट्!

एक दिवस मालक ओरडत आला, "मास्तर, बटन बंद करत जा नं! वापरून वापरून खराब होईल!"

*

खोडे मास्तरांना संडासवालं घर मिळालं. सगळ्या गल्लीत एकच पक्का संडास, सिमेंटचा, वर पत्रे. दाराला पितळी कुलूप.

खोड्यांनी किल्ली मागितली. मालकीणबाई म्हणाल्या, "तो वापराचा नाही जी. जावयासाठी बांधला. नागपूरचे आहेत ते, त्याईले बाहेर जाची सवय नाही. ते आले की उघडू."

खोडे तीन वर्षं रोज सकाळी त्या कुलपासमोरून लोटा घेऊन रानात गेले. जावई काही आला नाही. लग्नानंतर मुलगीही एकदाच आली होती म्हणे. बाई मात्र दर पोळ्याला संडासाला चुना मारायच्या. शेवटी खोडे न राहवून म्हणाले, "बाई, एवढी सोय केली, तर आता बोलवा तरी त्याईले."

बाई म्हणाल्या, "बोलावलं असतं जी. पण काय सांगून बोलावू? संडास बांधला म्हणून?"

*

राठोडांबरोबर मी घरं पाहत हिंडायचो. एका मोठ्या कास्तकाराच्या घरी मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आंगणात बांधीव विहीर. म्हाताऱ्यानं बाजेवर बसवलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. राठोडांनी सांगितलं. राठोडांचं लक्ष सगळं विहिरीकडे होतं. उन्हाळ्यात इकडच्या विहिरी आटतात, म्हणून त्यांनी सरळ विचारलं, "काका, उन्हाळ्यात पाणी चालते नं?"

"तुम्ही तांड्यावरचे नं?"

"हो."

"मंग नाही चालत."

राठोडांना वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नाही. ते हसून म्हणाले, "काका, मी विहिरीचं विचारून राह्यलो."

म्हातारा म्हणाला, "मीबी विहिरीचंच सांगून राह्यलो!"

रस्त्यावर येईपर्यंत मला हसू आवरेना. असा बिनतोड जवाब गणितातही मिळत नाही! राठोडही थोडं हसले. मग म्हणाले, "तुम्ही हसा, मास्तर. तुमचं चालते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. दुसऱ्यांदाची गोष्ट पुढे आहे.

*

बटनाला कंटाळून मी दुसरी खोली घेतली. ट्रकवाल्या सडकेपासून लांब, आत. मालक बापूराव म्हणाले, "इथं शांततेची गॅरंटी!"

गॅरंटी खरी निघाली. नवराबायको अकरा वर्षं एकमेकांशी बोललेच नव्हते! काहून, ते गावात कोणाला माहीत नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही आठवत नसावं. पण घर चालवायचं तर निरोप लागतातच, आणि तेवढ्यासाठी भाडेकरू ठेवलेला. काकू आपल्या दारातून सांगायच्या, "मास्तर, त्याईले सांगा, भाकर झाली." बापूराव चार हातांवर बसलेले. मी सांगायचो, "बापूराव, भाकर झाली." ते म्हणायचे, "सांगा, आलो म्हणा." मी सांगायचो. असं मी दोन वर्षं केलं. त्या घरातली शांतता पुस्तक वाचण्याच्या कामाची नव्हती.

एका सकाळी बापूराव माझ्या दारात उभे. हातात कपबशी. त्या घरात त्यांनी चहा केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"मास्तर, तिले सांगा, चहा झाला म्हणा. ऊठ म्हणा."

मी आत गेलो. काकू बाजेवर होत्या, अंग गार पडलं होतं. बाहेर आलो तरी बापूराव कपबशी धरून तिथेच. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सांगितलं का?"

मी म्हटलं, "हो, सांगितलं."

*

आता राठोडांच्या घराची गोष्ट. हे घर मीच मिळवून दिलं, म्हणून सांगायला जीभ जरा जड होते.

बाजारात एका कापडवाल्या शेठजींचं घर होतं. गोड पाण्याची विहीर, बिनकुलपाचा संडास, लाइट, आणि शाळेची घंटा ओट्यावर ऐकू येणारी. सगळ्या सोयी! आम्ही गेलो. शेठजींनी नाव विचारलं.

"राठोड."

शेठजी गादीवरून अर्धे उठले. "राठोड? अरे वाह! हमारे जोधपूर के राठोड! आप तो राजपूत हुए!"

राठोडांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार ते मला कळलं, आणि मी त्यांच्या आधी बोललो, "तर काय! खानदानी!"

राठोड माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांपुढे शांती असणार. त्यांनी तोंड मिटलं. शेठजींनी पान मागवलं, किल्ली दिली आणि जाता जाता बजावलं, "एक खयाल रखना, मास्टरजी. बाजार के दिन सामने से बंजारे जाते हैं. उनको ओटे पर बैठने मत देना."

राठोड म्हणाले, "नहीं दूंगा."

स्टाफरूममध्ये मी हा किस्सा आठवडाभर रंगवून सांगितला. राठोड एकदाही हसले नाहीत. पण शांती पाचवीत बसली. पहिल्याच चाचणीत गणितात पहिली आली, माझ्याच हातचे मार्क. मला वाटलं, जमलं आपलं!

*

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा राठोड उशिरा आले आणि खुर्चीवर नुसते बसून राहिले. खोड्यांनी विचारलं, "काय मास्तर, दवाळी कशी झाली तांड्यावर?"

राठोड सांगू लागले.

"आमच्यात बाया कोपराच्या वरतं पांढऱ्या बांगड्या घालतात, चुडो म्हणतात. लग्नात चढते. नवरा मेला, तवाच उतरते. माहीवालीनं शेठजीकडं आल्या आल्या घागरा सोडला, लुगडं नेसली. चुडो पदराखाली झाकला. पण विहिरीवर पाणी शेंदताना हात वरतं जाते, पदर सरकते. शेठाणी रोज पाहे. एक दिवस तिनं विचारलं, हे काय घातलं म्हणून. त्याच दुपारी हिनं चुडो उतरवला. मले विचारलंबी नाही. म्हणे, पोरीची शाळा सुटाले नको."

खोड्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"मी म्हटलं, दवाळीले जाताना घालून घे. तर म्हणे, एकदा उतरला तो आपल्या हातानं चढवत नाही. तशीच गेलती. नाल्यापाशी मी मागं राह्यलो, ट्रंक जड होती. मायलेकी पुढं गेल्या. मी नाला चढून राह्यलो तं तांड्यातून बायांच्या रडण्याचा आवाज. मले वाटलं, कोणी मेलं. मी ट्रंक टाकून धावलो."

"मग?" खोडे म्हणाले.

"तं माही याडी, माही माय, सुनेच्या गळ्यात पडून माह्याच नावानं रडून राह्यली. तांड्यातल्या सगळ्या बाया भोवती. मी गर्दीत घुसलो, याडीपुढं उभा राह्यलो. म्हटलं, याडी, मी आहो. जित्ता आहो. पाह्य माह्याकडं."

"मग तरी थांबली का?"

राठोड माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मंग सुनेच्या हाताकडं पाह्यलं. अन् पुन्हा रडाले लागली."