बारकीचा दगड

कारकून चहाला बसले की बदल्यांच्या गप्पा निघतात. माझ्याकडे मात्र किस्से साठले ते कब्रस्तानाचे. आता रिटायर झालोय. त्या टेकडीची फार आठवण येते आणि सांगायला गेलं तर ऐकणारा कोणी ओळखीचा उरलेला नाही.

हिंगोलीबाहेर टेकडीच्या उतारावर गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान, पलटण होती तेव्हाचं. नव्वदच्या सुमारास त्याची फाईल माझ्या टेबलावर आली. फाईलबरोबर राखणदार गुलाबमामाही आले.

पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, वर स्टाफ किती?"

"दोघं. मी अन् फाटकातला लिंब. लिंब परमनंट हाय."

*

मामांना वाचता येत नव्हतं. थडग्यांना नावं त्यांनीच ठेवलेली. उंच दगड तो कप्तान, कललेला क्रॉस तो दारुड्या. एकदा दारुड्याजवळचं गवत कापताना साप निघाला. मामा क्रॉसला म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई व्हय रे?"

*

एका पावसाळ्यात उतार खचला. सात-आठ दगड घसरून ओढ्यापाशी गेले. मामांनी ते वर ओढून आणले आणि अंदाजाने लावले.

"अदलाबदल झाली तर?" मी म्हटलं.

"कोणी उठून तक्रार केली तं बघू."

*

कोपऱ्यात फूल कोरलेला एक बुटका दगड होता. मामांची बारकी दोन वर्षांची असताना तापाने गेली. ओढ्याकाठी पुरली होती, पुढच्या पुरात ती जागाही वाहून गेली. तेव्हापासून मामी दर संक्रांतीला या दगडापाशी हिरव्या बांगड्या ठेवायच्या. फूल आहे म्हणजे पोरगीच, असं दोघं धरून चालले होते.

एका संक्रांतीला मामी म्हणाल्या, "भाऊ, आमच्या बारकीचं नाव काय लिव्हलंय?"

मी वाकून वाचलं. हेन्री, वय दोन.

"मेरी," मी म्हटलं. "आईबापाची लाडकी."

नोकरीत एवढं सहज खोटं मी दुसरं बोललो नाही. पुढे दर वर्षी मामी तेच वाचून घ्यायच्या. त्या गेल्यावर बांगड्या मामा आणू लागले.

*

हिंगोली जिल्हा झाला तशा पाहण्या वाढल्या. एक नवे साहेब टेकडी चढून आले, बांगड्या पाहून थांबले आणि वाकून मोठ्याने वाचू लागले. मला त्यांना अडवता आलं नाही.

"अहो, हेन्री लिहिलंय. मुलगा आहे हा. बांगड्या कशाला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरच्या फडक्याने दगड पुसला.

"दगड चुकला असंल साहेब. पावसात खाली आलते, मीच लावले. पोरगी हितंच हाय."