मानेवरची हळद

"इकडे ये रे. घाबरू नको. तू हडकुळा आहेस, धरून दाखवायला बरा."

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत समोरच्या बाजूच्या मुलानं मला असं स्टेजवर बोलावलं. त्याचे वडील पोलीस अधिकारी. संशयिताला आवरताना पोलिसांनी बळ किती वापरावं, हा विषय. तो मोकळीक द्या म्हणणारा, मी विरोधात. मी उठलो. बोलावलं की उठायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यानं मागून हात घालून कोपराच्या बेचक्यात माझी मान आवळली. सभागृह हसलं. मी कसाबसा "सोड" म्हणालो.

"बघा, बोलतोय ना? म्हणजे श्वास चालू आहे!"

टाळ्या.

हे मी आधी ऐकलं होतं.

तेव्हा मी नववीत होतो. मुठा गावाजवळच्या एका बंगल्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली. माझे चुलते, तात्या, त्या बंगल्याशेजारच्या ओढ्यात खेकडे धरायचे. संशयाला तेवढं पुरलं. दोन पोलीस डोंगरावर आमच्या वाडीत आले.

"सायेब, मोटर नेऊन काय करू? वाडीत लाइट तरी हाय का?" तात्या म्हणाले. बायका हसल्या. पोलिसाला ते झोंबलं. त्यानं मागून तात्यांच्या मानेला विळखा घातला.

"दम कोंडतोय, सायेब."

"बोलतोय म्हंजी श्वास चालू हाय."

मग तात्या बोलायचे थांबले. "नाटकं करतोय," तो म्हणाला. हात काढला नाही.

"फिट येऊन मेला. दिवस मावळायच्या आत उरका," दुसरा म्हणाला. आम्ही उरकलं. आमच्यात मढ्याला ऊन पाण्यानं अंघोळ घालून अंगभर हळद लावतात. मानेवर निळा पट्टा उठला होता. आजीला तो बघवेना. तिथं तिनं जास्त हळद चोळली. पट्टा झाकला. माणूस पुरला.

काकी तक्रार द्यायला गेली. "पुरावा कुठाय, बाई?" एवढंच विचारलं तिला.

स्टेजवर सर मला म्हणाले, "आता तू. मुद्द्याचं बोल, वैयक्तिक नको."

पाठ केलेलं भाषण मला आठवत होतं. ते मी बोललो नाही. माझी मान अजून दुखत होती.

"माझा चुलता असाच बोलत व्हता," मी म्हणालो. घरची बोली आपोआप आली. "बोलता बोलता मेला. मी तितं उभा व्हतो."

वेळ संपल्याची घंटा वाजली. मी बसलो नाही. सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. बक्षीस त्यालाच मिळालं.

रविवारी वाडीत आलो. आजीला म्हणालो, "आता पोलिसाच्या हातनं कुनी मेलं तर पानी न्हाई, हळद न्हाई. आधी डाक्टरनं बघायचं."

"मढं तसंच ठेवायचं? लोकं थुकतील रं."

"थुकू दे."

आजी रडली. मी तिला गप्प केलं नाही.

उद्या काकी आणि मी पौडला तहसील कचेरीत जाणार आहोत. तात्यांना उकरून काढा, ही आमची मागणी आहे. काकी व्हय म्हणालीय. हळद मातीत गेली असेल, पट्टाही गेला असेल. मानेचं हाड असेल, मोडलं असेल तर दिसेल. ते बघा, म्हणणार आहे मी. ते बघेपर्यंत तिथून उठणार नाही.