पांढऱ्यावरची लाल रेघ

"मधला माणूस बरा पायजे," असे म्हणत आमच्या कारखान्यातले वेल्डर मामा रॉडच्या टोकावरून बोट फिरवायचे. स्टेनलेस आणि मिश्र पोलाद यांचे स्वभाव वेगळे. तापल्यावर एक जास्त फुगते, दुसरे कमी. जोडताना दोघांनाही सांभाळून घेणारा तिसराच रॉड लागतो. "सोयरीक हाय ही," मामा म्हणत. जोड झाला की त्यावर जाड कापड गुंडाळून पंखा बंद करायला लावत. "बाळंतीण हाय ती. वारं लागू देऊ नगा."

"सकाळी सोयरीक आन् दुपारी बाळंतीण?" कुणीतरी टोमणा मारी.

"आमच्यात लई उशीर करत न्हाईत!"

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात जोड तपासण्याचे काम माझ्याकडे होते. लाल रंग लावून पुसायचा, वर पांढरा फवारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मामांच्या जोडावर ती कधी उमटली नव्हती.

मग एका साखर कारखान्याच्या वाफेच्या पाइपावर ती उमटली. चांगली लांब. मामांनी शेजारच्या खोक्यातला साधा रॉड उचलला होता. का, ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारलेही नाही. मालक हळूच म्हणाले, "मामा, होतं की एखाद्या वेळी." शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मामा भिंतीकडे तोंड करून डबा खाऊ लागले. काम नसतानाही तोंडावर वेल्डिंगची काच ठेवत. आम्ही त्यांच्यासमोर दुखवट्याच्या घरात बोलावे तसे बोलू लागलो. तो आमचा चांगुलपणाच त्यांना जास्त लागत असावा.

तो जोड कापून पुन्हा करायचा होता. मामा म्हणाले, "सुनंदा करंल." सुनंदा केम गावची, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. आधी पोलाद गॅसच्या ज्योतीने तापवावे लागते. ते हेल्परचे काम. मामा गुडघ्यांवर बसले आणि ज्योत त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. सगळ्यांची कामे थांबली. सुनंदाने उचललेला रॉड खाली ठेवला.

"मामा, तुमी समोर असल्यावर माज्यानं व्हायचं न्हाय."

मामा सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "भितीस कशाला, पोरी? मला कुटं दिसतंय? लई दिस झालं, डोळ्यापुढं धुकंच हाय."

कुणी हसले नाही. आम्ही आपापल्या बुटांकडे पाहत राहिलो. सुनंदाने काच खाली ओढली आणि काम सुरू केले.

जोड निवल्यावर मी पांढरा फवारला.

"लाल आलं का?" मामांनी लांबूनच विचारले.

"नाही मामा. पांढरंच आहे."

"समदं?"

"सगळं."

ते नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

मागच्या महिन्यात ते वारले. मी आणि सुनंदा घरी गेलो. मामींनी चहा ठेवला. "भिंतीला हात लावून चालायचे," त्या म्हणाल्या. "म्या इचारलं, दिसत न्हाय का वो? तर म्हणायचे, दिसतंय की. भिंत सरळ हाय का बगतोय."

दारापासून खाटेपर्यंत चुन्यावर बोटांचा काळसर पट्टा उठला होता.

"डोळ्याचं कारखान्यात तरी कदी बोलले व्हते का?" मामींनी विचारले.

मी कपाकडे पाहिले.

"न्हाय वो मामी," सुनंदा म्हणाली. "आमाला बी न्हाय."