सुशीलाकाकीची धुरी

मसुरे गावात बाळंतीण घरी आली की पहिला निरोप सुशीलाकाकीला जातो. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं आणि शेवटी धुरी द्यायची, हे तिचं काम. सासूच्या हाताखाली शिकली, सासू गेल्यावर एकटी करू लागली. पाणी काय, कुणीही ओततं. धुरी मात्र काकीचीच. शेगडीत करवंट्यांचे निखारे, वर ओवा, वेखंड, बाळंतशेपा आणि दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. कौलांत बसवलेल्या काचेतून उन्हाचा कवडसा पाळण्यावर उतरायचा आणि त्यात धूर वळसे घेत चढायचा. कामाच्या सगळ्या धबडग्यात काकी तेवढी एक घटका स्वस्थ बसायची.

यंदा शेजारच्या सीताची लेक संचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. न्हाणं सुरू झालं आणि पोर खोकू लागली.

“आई, आंघोळीनंतरच खोकते गं ती,” संचिता एकदा आत म्हणाली. “काकींना नको म्हणूया का?”

काकी ओटीवर पदराला हात पुसत होती. तिला ऐकू गेलं. तिने तिथूनच आवाज चढवला. “गो सीता, तुझ्या चुलीचो धूर त्या चेडवाक सोसणा नाय!”

“तुका बरो सोसता! माझ्या चुलीवरची पेज पिऊन जातंस ती?” सीता आतून म्हणाली.

त्याच आठवड्यात कुडाळच्या कॉलेजातली तन्वी गावात आली. चुलीच्या धुरातली काजळी मोजायला घरोघर पेटी ठेवत होती. पेटी टिफिनच्या डब्याएवढी. आत बारीक पंखा हवा ओढतो आणि त्या हवेतून लेसरचा किरण जातो. काजळीचा कण आडवा आला की प्रकाश विखुरतो, त्यावरून धूर किती ते कळतं.

“कवडशात धूळ दिसते ना काकी, तसंच,” सीताच्या स्वयंपाकघरात पेटी ठेवताना तन्वी म्हणाली.

“चेडवाच्या डोळ्यांक काय होवचा नाय मां?”

“नाही हो. किरण पेटीच्या आतच राहतो.”

एवढं कळल्यावर काकीनेच हट्ट धरला. एक पेटी स्वयंपाकघरात ठेवताय, दुसरी बाळंतिणीच्या खोलीत ठेवा. चुलीचा धूर पोरीपर्यंत पोचतो हे एकदा दिसू दे सगळ्यांना. सीताचं तोंड मात्र फुगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तन्वीने लॅपटॉपवर दोन्ही पेट्यांचे आलेख उघडले. स्वयंपाकघराची रेघ जमिनीला टेकून सरळ गेली होती. खोलीची रेघ सकाळी एकदम कड्यासारखी उभी राहिली होती, आणि उतरायला तिने बराच वेळ घेतला होता.

“स्वयंपाकघरात काहीच कसं नाही? चूल पेटवली नव्हती का?”

सीता ओशाळली आणि तिच्या तोंडी ऑफिसात बोलतात तशी शुद्ध भाषा आली. “तुम्ही येणार म्हणून पेटवली नाही. तुम्ही मोजणार, आणि आमच्याकडे धूर दिसला तर बरं दिसतं का? सगळं गॅसवर केलं.”

तन्वीला हसू आवरेना. मग ती दुसऱ्या रेघेकडे वळली. “मग हा खोलीतला धूर कुठला?”

संचिता आईकडे बघू लागली. आईने काकीकडे बघायचं टाळलं. सकाळी त्या खोलीत कोण होतं, ते तिघींनाही ठाऊक होतं. काकीला गप्प राहता आलं असतं. पाळण्यात पोर खोकली.

“माझो तो,” काकी म्हणाली. “धुरीचो.” मग तिने विचारलं, “आधीची पोरां खोकली, ती पण माझ्यामुळांच?”

“ते ही पेटी सांगू शकत नाही, काकी. आज सकाळी या खोलीत काय होतं तेवढंच सांगते. पण तान्ह्या बाळाला एवढा धूर बरा नाही.”

काकी शेगडी उचलून घरी गेली. ती आता यायची नाही, असं संचिताला वाटलं.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. पोरीला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर दिलं. दारं-खिडक्या उघड्याच होत्या.

“गो, धुरी? लोक काय म्हणतले?” सीताने विचारलं.

“लोकांक खोकलो येता काय?”

शेगडी तिने घरामागच्या परड्याच्या पार टोकाला, फणसाखाली पेटवली होती. झबलं, लंगोट, टोपरं, एकेक कपडा धुरावर धरला, मग दोरीवर टाकून वाऱ्यावर चांगला फडफडू दिला. आत आणून पोरीला घातला. संचिताने टोपऱ्याला नाक लावलं. ओव्याचा, वेखंडाचा वास, अगदी पुसट. पोर झोपली होती.

काकी कोपऱ्यात बसली. कवडसा पाळण्यावर उतरला होता. आज त्यात काहीच नव्हतं, नुसतं ऊन. ती थोडा वेळ बघत राहिली, मग उठली.

“ती पेटीवाली परत येतली मां? सांग तिका, ह्या खोलयेत परत ठेव म्हणान,” ती सीताला म्हणाली. “आणि तू त्या दिवशी चूल पेटव. माझा काय ता दिसला, आता तुझा दिसांदे.”